सपाट जागेचं आजोळ

"आरं, त्यो माणूस झोपलाय का मेलाय, बघा की कुणीतरी!"

नाना ओरडत होते आणि ओरडत ओरडत धावत होते. सत्तरी केव्हाच ओलांडलेला हा गृहस्थ त्या सकाळी ज्या वेगानं बांधावरून उतरला, तो वेग पाहून शेजारच्या शेतातली वासरं लाजली असतील. ज्या माणसाच्या जिवाची त्यांना काळजी होती, तो माझा बालमित्र रफीक. नानांची जागा घर बांधण्यासाठी पाहायला तो आला होता आणि तिच्या मधोमध पालथा पडला होता. गाल गवताला टेकलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा नाकासमोर ठेवलेल्या पितळी पट्टीवर खिळलेला. मी शेजारी शेंगा खात उभा होतो. नानांना हातानंच थांबवलं आणि म्हटलं, जिवंत आहे, फक्त मोजतोय.

रफीकचं कसबा पेठेत तराजूदुरुस्तीचं दुकान आहे. आजोबांपासूनचं. कसब्यातल्या भाजीवाल्यापासून सराफापर्यंत कुणाचाही काटा बिघडला की तो या दुकानाच्या फळीवर येऊन पडतो. काटा दुरुस्त करायचा तर आधी तो सपाट बसला पाहिजे, आणि सपाट बसला की नाही हे सांगते पाणसळ. पितळेच्या पट्टीत एक काचेची नळी, नळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध थांबला की जागा सपाट. एवढंच यंत्र. पण रफीकनं त्या बुडबुड्यावर आयुष्य बेतलंय. लग्नाच्या पंगतीत बसला तरी आधी टेबलावर पाणसळ ठेवतो, मग बिर्याणीला हात लावतो. स्वतःच्या निकाहाच्या वेळी काजीसाहेबांसमोरच्या चौरंगावर त्यानं ती ठेवली होती, असं त्याची बायको जुबेदाभाभी सांगते. मी तिथं हजर होतो. खोटं कशाला बोलू, ठेवली होती. आणि चौरंग कलता निघाला म्हणून निकाह थोडा थांबला होता.

तर त्या शनिवारी बुडबुडा मधोमध होता. रफीकनं जागेच्या चारी कोपऱ्यांत लोळून पाहिलं. चारी ठिकाणी मधोमध. तो उठला तेव्हा दाढीत गवत होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाला, अशी जागा मी जन्मात पाहिली नाही.

जागा होती पुण्याच्या दक्षिण अंगाला, कात्रजकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, शहरानं नुकत्याच गिळलेल्या एका गावात. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर उद्या जागा बघायला तुमच्या गाड्यांची रांग लागेल आणि नाना मला दलाल समजतील.

रफीकला सपाटी आवडली, भाभींना झाड. जागेच्या कडेला एक उंबर होता, पण असा उंबर मी कुठं पाहिला नव्हता. त्याला खोडच नव्हतं. जाड जाड फांद्या थेट जमिनीतून निघून गुडघ्याच्या उंचीवर चारी दिशांना पसरल्या होत्या. उंबराची फळं खोडाला लागतात हे तुम्हाला माहीत आहे. इथं ती लालचुटुक फळं मातीतूनच उगवल्यासारखी दिसत होती. मी लगेच जाहीर केलं की हा उभा राहून कंटाळलेला उंबर आहे, बसलाय बिचारा. भाभी फांदीवर झोपाळ्यासारख्या बसल्या, पाय हलवले, आणि बऱ्याच दिवसांनी मी त्यांना गुडघ्याला हात न लावता बसलेलं पाहिलं. कसब्यातलं त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथला जिना जिना नाहीच, भिंतीला टेकवलेली शिडी आहे. त्या घरातून दिवसातून एकदा खाली उतरणं हा त्यांचा गडावरचा उतार आणि परत जाणं ही चढाई.

घर बांधायचं ते इथंच, असा रफीकनं तिथल्या तिथं नानांना शब्द दिला. फक्त पितृपक्ष चालू होता. नाना म्हणाले, पितर जेवून जाऊ द्या, नवरात्र बसलं की कागद करू. म्हणजे मधे काही दिवस मोकळे मिळाले, आणि मोकळे दिवस मिळाले की माझं तोंड मोकळं सुटतं.

परत येताना भाभी रिक्षात होत्या, आणि स्कूटरवर मागे बसून मी रफीकच्या कानात ओरडलो की मुलगी पाहायला गेलास तर नुसती मुलगी पाहत नाहीस. तिचं घराणं विचारतोस, आजोळ कुठलं ते विचारतोस. या जागेचं आजोळ पाहिलंस का? ती आली कुठून, तिच्यावरचं पाणी जातं कुठं? रफीक म्हणाला, जागा कुठून येत नसते विनू, ती असते तिथंच असते.

या एका वाक्यावर आम्ही प्रवासाला निघालो. तुम्ही काश्मीर पाहून आला असाल, बर्फात लोळतानाचे फोटो आम्हाला दाखवले असतील. मी सदाशिव पेठेत चष्म्याचं दुकान चालवतो, सगळे फोटो मलाच दाखवतात. पण आपल्याच गावच्या टेकडीवर पडलेलं पाणी कुठून कुठे जातं हे पाहायला कुणी निघालेला मी ऐकला नाही. त्याला तिकीट लागत नाही, हेच बहुतेक त्याचं दुर्दैव.

टेकडी

रविवारी उजाडता उजाडता पायथ्याशी स्कूटर लावल्या. भाभी चढणार नव्हत्या. त्या डबे घेऊन दुपारी थेट जागेवर येणार, आम्ही टेकडीच्या माथ्यावरून पाण्याच्या वाटेनं उतरत तिथं पोचायचं, असं ठरलं. चढ असा होता की माझी सावली निम्म्या वाटेवर बसली आणि म्हणाली तुम्ही व्हा पुढं. दोन्ही बाजूंना तेरडा फुललेला, सोनकीची पिवळी ठिगळं, आणि पावसाळाभर पाणी पिऊन माजलेलं गवत. रफीक नमाजाला उठणारा माणूस, त्याला सकाळचं काही वाटत नाही. मला मात्र सूर्य आणि मी एकाच वेळी उगवलेले पाहून स्वतःचाच अभिमान वाटला.

माथ्यावर पोचलो आणि रफीकनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर तो पालथा पडला. तिथं पांढरे बूट घातलेले एक गृहस्थ हात झटकत फिरत होते. ते थांबले. रफीककडे पाहिलं, पाणसळीकडे पाहिलं.

"टेकडी फोडायला आलात का?"

मी म्हटलं, छे हो, नुसतं पाहतोय.

"पाहूनच फोडतात," ते म्हणाले आणि हात झटकत पुढे गेले.

बुडबुडा जवळजवळ मधोमध होता. रफीकनं विजयी मुद्रेनं माझ्याकडे पाहिलं. त्याचं म्हणणं असं की सपाट जागा म्हणजे माणसानंच केलेली, असा संशय मी कालपासून घेत होतो. आता ही बघ वरच्यानं केलेली सपाटी. इथं कुणी रोलर फिरवला?

याचं उत्तर मला ठाऊक होतं. शाळेत भूगोलाच्या तासाला मी जागा असायचो, तो एकच तास. मी त्याला सांगितलं की ही सगळी भूमी लाव्हारसाची. जमिनीला भेगा पडल्या, त्यातून तापलेला दगड पाण्यासारखा पातळ होऊन बाहेर आला आणि जिथं वाट मिळेल तिथं पसरला. एक थर थंड झाला की पुन्हा दुसरा, त्यावर तिसरा, चुलीजवळ थालीपिठांची चळत रचत जावी तसा. पातळ पदार्थ पसरला की सपाटच बसणार. इथला रोलर तो.

रफीकनं ऐकलं आणि समोर पाहिलं. मीही पाहिलं, आणि खरं सांगतो, थोडा वेळ मला अतिशयोक्ती सुचली नाही. समोरच्या टेकडीचा माथा सपाट होता. त्यापलीकडच्या टेकडीचाही. उत्तरेला पर्वतीपासून पश्चिमेला धुक्यात, सिंहगडाच्या रांगेपर्यंत, एकेक माथा कुणी पट्टी धरून कापल्यासारखा. आणि पुष्कळसे एकमेकांच्या बरोबरीत. पाहता पाहता डोळे आपोआप एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत रेघ ओढू लागले आणि मधली पोकळी भरून निघाली. हे सगळं एकेकाळी सलग होतं. टेकड्या वर आलेल्या नाहीत. बाकीचं सगळं खाली गेलंय, आणि टेकड्या उरल्यात. आम्ही लहानपणापासून म्हणतो की पुण्याभोवती टेकड्या उभ्या आहेत. उभ्या कसल्या. पाण्यानं मधलं पठार कणाकणानं उचलून नेलं, त्या रिकाम्या जागेत पुणं बसलंय, आणि आपण मात्र ऐटीत म्हणतो की आम्ही मूळचे इथले.

रफीकनं पाणसळ उचलली. मग म्हणाला, "मधलं एवढं गेलं कुठं?"

मी खाली बोट दाखवलं.

उतरायला लागलो तेव्हा ओढा कुठं सुरू होतो हे शोधत होतो आणि तो सापडेना. आधी फक्त गवत ओलं. मग एका दगडाखाली ठिबक. मग चूळ भरता येईल एवढं पाणी. मग ते दोन दगडांत बोलायला लागलं, आणि एकदा बोलायला लागलं ते माझ्यासारखंच, थांबेना. टेकडी वरून अखंड दिसते, पण आतून ती पायऱ्यांची आहे. कठीण काळ्या पाषाणाचा थर आला की पाणी उडी मारतं. त्याखाली ठिसूळ, भोकाभोकांचा थर आला की पसरून उतार करतं. त्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या चमकत होत्या. एका ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मधे लालभडक मातीचा वीतभर पट्टा दिसला. मी सांगितलं, ही माती भाजलेली आहे. एक लाव्हा थंड झाला, त्यावर हळूहळू माती झाली, गवत उगवलं असेल, किडामुंगी फिरली असेल, आणि मग पुढच्या लाव्हारसानं त्या सगळ्यावरून तवा फिरवला. रफीकनं त्या पट्ट्यावर बोट फिरवलं. बोट लाल झालं. ते त्यानं पुसलं नाही, नुसतं बघत राहिला.

याच ठिकाणी शेवाळलेल्या दगडावरून मी बसल्या बसल्या थेट खालच्या डोहात पोचलो. लोक याला घसरणं म्हणतील. पाण्यानं मला हाताला धरून पुढचा मुक्काम दाखवला, असं माझं मत आहे. रफीक इतका हसला की टेकडीवरचे मोर उडाले. पुढचा सगळा प्रवास मी ओल्या पॅंटीनं, एखाद्या जहाजासारखा केला.

पायथ्याशी घळ रुंद झाली, दोन्ही काठ उंच झाले. काठावर बाभळी होत्या आणि बाभळींच्या फांद्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकत होत्या. निळ्या, पांढऱ्या, दुधाच्या, चिप्सच्या. एका फांदीवर लहान मुलाची चप्पल. रफीक उंच आहे, त्यानं हात वर केला, तरी सगळ्यात वरच्या पिशवीला बोट लागेना.

"एवढ्या वर कुणी टांगल्या?" तो म्हणाला.

उत्तर त्याच्या पायाशी घोट्याएवढं वाहत होतं, आणि कधीतरी डोक्यावरून वाहून गेलं होतं.

पुढच्या वळणावर ओढा संपला. म्हणजे पाणी संपलं नाही, ओढा संपला. समोर मातीची उभी भिंत होती. माती तरी कशी म्हणावी. विटांचे तुकडे, कौलं, फुटके कमोड, न्हाणीघराच्या फरशा, वाकलेल्या सळ्या. पुण्यात ज्याला आपण राडारोडा म्हणतो आणि जो कुठं जातो हे कधी विचारत नाही, तो इथं आला होता. भिंतीच्या तळाशी सिमेंटचा एक पाइप. वासरू वाकून आत जाईल एवढा. पाणी मुकाट्यानं त्यात शिरत होतं.

आम्ही परक्यांच्या न्हाणीघरांना धरून धरून ती भिंत चढलो. वर डोकं काढलं तर समोर हिरवंगार, तुळतुळीत, सपाट मैदान, आणि मैदानाच्या कडेला उंबराच्या फांदीवर बसून जुबेदाभाभी डबा उघडत होत्या.

रफीक तसाच चालत झाडापाशी गेला. एक काठी घेतली आणि फांद्यांच्या बेचक्यात, मातीत खुपसली. काठी गेली. आणखी खुपसली. खाली लाकूडच लागत होतं, खोल, आणखी खोल. उंबर बसलेला नव्हता. तो ओढ्याच्या काठी उभा होता आणि गळ्यापर्यंत पुरला गेला होता.

भाभींनी विचारलं काय झालं. रफीक म्हणाला आधी जेवू. आणि ती दोघं जेवलीच नाहीत. माझ्यासाठी भाभींनी बटाट्याची भाजी वेगळ्या डब्यात आणली होती, रफीकच्या डब्यात खिमा. प्रसंग गंभीर होता, अन्न वाया जाऊ देणं बरं नव्हतं, आणि डबे दिसायला अगदी सारखे होते. यापलीकडे या विषयावर मला काही सांगायचं नाही.

नाना आले. रफीकनं विचारलं आणि नानांनी काही लपवलं नाही. ओढ्याची घळ होती, रस्त्यासाठी जुनी घरं पाडली जात होती तेव्हा मुलांनी गाड्या बोलावून भरून घेतली. चांगली भरली, रोलर फिरवला, वर मुरूम टाकला, त्यावर पावसाळे गेले. पाइप टाकलाय, पाणी खालून जातं. नाना मनापासून सांगत होते, त्यांना ते काम पोरांच्या कर्तबगारीचं वाटत होतं. शेवटी मैदानाकडे हात करून म्हणाले, "आता हाय का कुठं पानी? दिसतंय का तुमास्नी?"

दिसत नव्हतं. हेच तर झालं होतं.

नदीकडे

तुम्हाला वाटलं असेल, इथं गोष्ट संपली. तुम्ही रफीकला ओळखत नाही. माणूस एकदा बुडबुड्याच्या प्रेमात पडला की लाव्हारससुद्धा त्याला हलवू शकत नाही. त्याचं म्हणणं, लोक समुद्र भरून त्यावर इमारती बांधतात. पाया खोल घेऊ. पाइप मोठा टाकू. मी म्हटलं, पाइप तू मोठा टाकशील, ढग लहान पाठवायला कुणाला सांगशील? तो म्हणाला, उरलेला ओढाही बघू, आजोळ पाहिलं तर सासरही पाहू.

मग दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही त्या जागेपासून नदीपर्यंत पायी गेलो. हा प्रवास मी तुम्हाला थोडक्यात सांगतो, कारण त्यातला बराचसा नाक दाबून झाला. ओढा एका सोसायटीच्या मागून पुन्हा बाहेर आला तो काळा होऊन. मग एका कुंपणाच्या भिंतीपाशी काटकोनात वळला. पाणी हौसेनं काटकोनात वळत नाही, त्याला कुणीतरी वळवतं, आणि त्या कोपऱ्यावर भिंतीचा तळ खरवडलेला होता, पाण्यानं डोकं आपटून आपटून. मग ओढा रस्त्याखाली गेला, एका मंगल कार्यालयामागं निघाला, दुकानांच्या खाली दडला. आम्ही वास घेत घेत त्याच्या मागं. एका टपरीवर कांदाभजी आणि चहा झाला. टपरीवाल्याला विचारलं ओढा कुठून जातो, तर तो म्हणाला इथं ओढा नाही, नाला आहे. वर टेकडीवर ज्याच्यात मी अंघोळ केली होती, त्याला इथपर्यंत येता येता नावही उरलं नव्हतं.

शेवटी मुठेच्या काठाला पोचलो. ओढा नदीला मिळतो तिथं काठावर करड्या गाळाची एक पट्टी होती, वाळून भेगा पडलेली, पण इस्त्री केल्यासारखी. रफीकनं रुमाल पसरला, पाणसळ ठेवली. वाकून पाहिलं. मधोमध.

"ही कुणी केली?"

"नदीनं," मी म्हटलं. "पुराचं पाणी थांबलं आणि गाळ खाली बसला."

तो तिथंच उकिडवा बसला. टेकडीवर मधोमध, नानांच्या जागेत मधोमध, इथंही मधोमध. मग पाणसळ पुसत म्हणाला, "विनू, काटा खोटं बोलत नाही. पण जेवढं विचारलं तेवढंच सांगतो."

मला वाटलं, पटलं याला. आम्ही नदीकडून कसब्यात निघालो. नदीकडून कसब्यात येणारी वाट चढाची आहे, हे मला त्या दिवसापर्यंत कधी जाणवलं नव्हतं. आयुष्यभर त्या वाटेनं येऊन पायांना कळलं होतं, डोक्याला नव्हतं. आणि घराच्या दारात रफीक थबकला. समोर शेजाऱ्यांनी नव्या इमारतीसाठी पाया खणला तेव्हाची गोष्ट त्यानं काढली. खड्ड्यातून काय काय निघालं होतं. खापरं, राख, बांगड्यांचे तुकडे, हाडं, पुन्हा खापरं. पुरुषभर खणलं तरी मूळ जमीन लागेना. गल्ल्यांचा हा चढ निम्मा तरी माणसांनीच केलाय, शतकानुशतकं एकाच्या पडक्या घरावर दुसऱ्यानं घर बांधून.

"हाही भरावच आहे," तो म्हणाला. "आमचे आजे-पणजे कुणाच्या तरी खापरांवर झोपले, निवांत झोपले. तेव्हा तू कधी म्हणाला नाहीस, रफीक, इथं राहू नकोस."

मी लोकांच्या डोळ्यांवर पोट भरतो. जवळचं दिसत नसेल त्याला एक भिंग, लांबचं दिसत नसेल त्याला दुसरं. पण याला द्यायला माझ्याकडे भिंग नव्हतं. शतकं, काळ, संथपणा असं काहीतरी मोठ्या आवाजात बोललो. आवाज मोठा होता याचा अर्थ तुम्हाला कळला असेल. त्यालाही कळला.

वर गेलो. भाभींनी सगळं ऐकून घेतलं. चहा दिला, सोबत खारी दिली. मी पुन्हा त्या पिशव्या किती उंचावर होत्या ते सांगू लागलो, आणि सांगताना त्या आणखी थोड्या वर गेल्या, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"समजतंय मला सगळं, विनूभाऊ. पण हा जिना मला अजून किती वर्षं चढता येईल, तेवढं तुमच्या टेकडीला विचारून या."

त्यावर मी खारी चहात बुडवली आणि ती बुडून गेली.

घरी जाताना विचार करत होतो. टेकडीचं काय, ती उरली तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. माणसाला मात्र कुठंतरी राहावंच लागतं. गुडघे दुखत असतील तर खाली राहावं लागतं, आणि खाली जी जागा मोकळी दिसते ती बहुधा कुणाची तरी वाट असते. आम्ही चूक शोधायला निघालो होतो. तराजूची दोन्ही पारडी सारखीच भरली, आणि मधे काटा धरून बसला होता रफीक.

गावठाण

रफीकनं ती जागा घेतली नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. आज ती दोघं कसब्यातच आहेत, दुकानामागच्या तळमजल्याच्या खोलीत. भाभींचे गुडघे बरे आहेत. खोलीत ऊन येत नाही आणि दाराशी झाड नाही, याबद्दल त्या मला अजून ऐकवतात. मी ऐकून घेतो, कारण ऐकवताना बशीत काहीतरी असतं.

पण घटस्थापनेच्या सकाळी आम्ही नानांकडे निघालो, तेव्हा तो जागा घेणार होता. वाटेत त्यानं मला तसं सांगितलं. आवाजात जोर नव्हता, पण ठरलेलं होतं. भाभींचा जिना एका पारड्यात टाकला की दुसऱ्या पारड्यात टाकायला माझ्याकडे फक्त पिशव्या होत्या. मी त्या दिवशी बडबडलो नाही. पुण्याच्या इतिहासात अशी नोंद विरळाच.

त्याआधी आम्ही नेहमी जागेवरच भेटत होतो. कागदासाठी नानांनी घरी बोलावलं. त्यांचं घर जुन्या गावठाणात, आणि गावठाण एका टेकाडावर. वाट दगडी, रात्रीच्या पावसानं निसरडी. शेवटच्या वळणावर स्कूटरनं नाही म्हटलं. भाभी उतरल्या आणि पायी चढू लागल्या. एक हात गुडघ्यावर, एक हात रफीकच्या खांद्यावर. प्रत्येक वळणाला थांबायचं, श्वास घ्यायचा, वर पाहायचं आणि पुन्हा पाऊल टाकायचं. मधे त्या एकदा मला म्हणाल्या, आता कुठं गेली तुमची बडबड, तेवढीच करमणूक झाली असती.

घर छान होतं. नव्या सिमेंटचं, पण पुढं जुना ओटा तसाच ठेवलेला. ओट्यावर नानांच्या घरच्या बायका घट बसवत होत्या. शेतातली काळी माती आणून पत्रावळीवर पसरली होती, तीत सात धान्यं कालवत होत्या. मातीचा ओला वास सगळ्या अंगणात भरून राहिला होता. नानांनी खिचडीच्या बशा मागवल्या. उपासाची साबुदाण्याची, वर दाण्याचं कूट, लिंबाची फोड. असा साबुदाणा मी आधी खाल्ला नव्हता, एकेक दाणा मोत्यासारखा सुटा, वेगवेगळ्या घराण्यातला.

अंगणाच्या कडेला उभं राहिलं की खालची जागा दिसत होती. दोन उतारांच्या मधे वाळत घातलेल्या हिरव्या पंच्यासारखी. दोन्ही उतार वरून येत होते, तिच्याकडेच येत होते, आणि तिच्या कडेला येऊन नाहीसे होत होते. रफीक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. तोही तेच पाहत होता. नानांनी हाक मारली तसा ओट्याकडे वळला.

पाटावर कागद ठेवले होते. नानांनी त्यावर हळदकुंकू वाहिलं. रफीकनं खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, आणि चष्मा पुसू लागला. चष्मा माझ्याच दुकानातला, तो इतका पुसायची गरज नसते.

भाभी ओट्याच्या कडेला बसल्या होत्या. पाण्याचा तांब्या रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं, गुडघा चोळला. त्यांना काही शोधायचं नव्हतं, काही सिद्ध करायचं नव्हतं. दम लागला होता आणि राग आला होता, एवढंच.

"नाना," त्या म्हणाल्या, "खाली एवढी सपाट जागा होती, आणि घर इतक्या वर कशाला हो बांधलंत?"

नाना चहाच्या बशीवर फुंकर घालत होते. त्यांचं लक्ष घटाकडे होतं.

"खाली पानी येतं," ते म्हणाले.